लादणं आणि उचलणं : मुलांना वधस्तंभ सांगताना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं सगळं आयुष्य मुलांना शिकवण्यात गेलं. म्हणून मी विषयही मुलांचाच घेतला आहे. खरं तर विषय मी घेतलेला नाही, तो मुलांनीच दिलेला आहे. संडे स्कूलमध्ये चार वर्षं शिकवलेल्या कोणालाही विचारा. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आसपास वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी हात वर करते आणि विचारते, "देवाला आपल्याला माफच करायचं होतं, तर त्याने सरळ माफ का नाही केलं? येशूला कशाला मरावं लागलं?"

आणि आपण काय करतो? "मोठा झालास की कळेल" म्हणतो. मूल मोठं होतं आणि त्याच्या लक्षात येतं की मोठ्यांनाही ते कळलेलं नाही!

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी आधी दोन वाक्यांत सिद्धान्त सांगतो. माणूस आणि देव यांच्यातलं नातं पापामुळे तुटलं. माणसाला ते स्वतःच्या बळावर जोडता येत नव्हतं, म्हणून येशूने वधस्तंभावर मरण पत्करून ते जोडलं. याला आम्ही प्रायश्चित्त म्हणतो. आपल्याकडे प्रायश्चित्त घेतो तो ज्याच्या हातून चूक झाली तो. इथे मात्र ज्याचं काहीच चुकलं नाही त्याने ते घेतलं, असं आमचं म्हणणं आहे. ऐकणाऱ्याला विचित्र वाटावं असंच हे आहे. मुलांना ते विचित्र वाटतं, यात मुलांचं काही चुकत नाही.

आज मी तीन मुद्दे मांडणार आहे. आपण मुलांना जी तयार उत्तरं देतो ती कुठे फसतात, हा पहिला. ख्रिस्ती मंडळीने दोन हजार वर्षांत या प्रश्नाचं काय केलं, हा दुसरा. आणि नंदुरबार जिल्ह्यात, आपल्या या मुलांपुढे, ही गोष्ट कशी सांगावी, हा तिसरा.

पहिला मुद्दा. तयार उत्तरांत सर्वांत लाडकी गोष्ट न्यायाधीशाची. गुन्हेगार समोर उभा आहे, न्यायाधीश त्याला दंड ठोठावतो, मग आसनावरून खाली उतरतो आणि तो दंड स्वतःच्या खिशातून भरतो. गोष्ट वाईट नाही. पण आपल्या मुलांनी कोर्ट कुठे पाहिलंय? त्यांनी पाहिलेत ते गावातले पंच. दोन घरांत भांडण झालं, कोणाच्या बैलाने कोणाचं पीक खाल्लं, कोणी कोणाला मारलं, की पंच बसतात. दोन्ही बाजू बोलतात. चूक कोणाची ते ठरतं, दंड ठरतो, भरपाई ठरते. आणि मग? मग दोन्हीकडची माणसं एकत्र बसतात, खातात-पितात. भांडण मिटलं हे दंड भरल्याच्या क्षणी कोणी मानत नाही, एका पंगतीला बसल्यावर मानतात.

लक्षात घ्या, मावची, भिल, पावरा, कोकणी अशा आदिवासी घरातलं मूल हे लहानपणापासून पाहतं. दंड हा मधला टप्पा आहे आणि शेवट एकत्र बसण्यात आहे, हे त्याला शिकवावं लागत नाही. आपण मात्र त्याला गोष्ट दंडापाशीच संपवून सांगतो. किंमत चुकली, हिशेब मिटला, विषय संपला. देव आणि माणूस एका पंगतीला बसले, हे सांगायचं राहूनच जातं. आमच्या उपासनेत प्रभुभोजन आहे ते उगीच नाही. येशूच्या काळच्या लोकांना खटकत होतं ते हेच, की हा येशू पापी लोकांबरोबर जेवतो. तेव्हा मुलांना सांगायला सुरुवात करायची ती तुटलेल्या नात्यापासून. रक्त आणि खिळे यांपासून नव्हे.

दुसरं तयार साधन म्हणजे रंगांचं पुस्तक. सुट्टीतल्या बायबल शाळांत तुम्ही ते पाहिलं असेल. त्यात एकही शब्द नसतो, नुसती रंगीत पानं असतात. 1866 साली लंडनमध्ये स्पर्जन या प्रसिद्ध उपदेशकाने ते मांडलं, तेव्हा पानं तीनच होती : काळं म्हणजे पाप, तांबडं म्हणजे येशूचं रक्त, पांढरं म्हणजे शुद्ध झालेलं मन. 1875 मध्ये मूडी या अमेरिकन प्रचारकाने स्वर्गासाठी सोनेरी पान जोडलं. हिरवं त्यानंतर आलं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी युक्ती म्हणून ती हुशारीची होती, हे मान्य करायला हवं.

पण स्पर्जनसाहेबांच्या पुढ्यात लंडनचे श्रोते होते. आपल्या पुढ्यात सातपुड्यातली मुलं बसतात. त्यांच्यासमोर काळं पान उघडून आपण म्हणतो, "हे पाप." पांढरं उघडून म्हणतो, "हे शुद्ध." समोरची मुलगी स्वतःच्या हाताकडे पाहते, हे आपल्याला दिसतं का? शाळेत, बाजारात, एस.टी.त तिच्या रंगावरून तिला बोलणारे काय कमी आहेत, की देवाचं नाव घेऊन आपणही त्यात भर घालावी? आणि खानदेशातल्या माणसाने तरी काळ्या रंगाला नावं ठेवू नयेत. इथे चांगली जमीन म्हणजे काळी जमीन. सोपा उपाय आहे : पापाला रंग देऊ नका, वजन द्या. पाप म्हणजे ओझं, असं सांगा. ओझं मुलांना कळतं. जळणाची मोळी आणि पाण्याचा हंडा त्यांनी डोक्यावर घेतलेला असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत धोक्याची. रेल्वेच्या वर-खाली होणाऱ्या पुलावरचा माणूस, त्याचा लहान मुलगा यंत्रात अडकतो, तिकडून गाडी येते. बाप प्रवाशांना वाचवण्यासाठी पूल खाली करतो आणि मुलगा चिरडला जातो. प्रवाशांना पत्ताही लागत नाही. मोठी माणसं ही गोष्ट ऐकून डोळे पुसतात. मूल काय ऐकतं? मूल स्वतःला त्या बापाच्या जागी ठेवत नाही, गाडीतल्या प्रवाशांच्या जागीही ठेवत नाही. ते त्या मुलाच्या जागी उभं राहतं. आणि घरी जाऊन रात्री बापाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतं.

ही गोष्ट कुठे चुकते? त्या मुलाला कोणी विचारलंच नाही. त्याच्यावर मरण लादलं गेलं. शुभवर्तमानात तसं नाही. गेथशेमाने बागेत येशू घाबरतो, व्याकूळ होतो, प्रार्थना करतो आणि मग स्वतः उठून पुढे जातो. शिवाय पिता एकीकडे आणि पुत्र दुसरीकडे, असे दोन पक्ष ख्रिस्ती श्रद्धा मानतच नाही. जो क्षमा करतो तोच किंमत सोसतो. बापाने दुसऱ्या कोणाला पुढे ढकललं, असं सांगितलं की सिद्धान्त मोडला आणि मूलही दुखावलं.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. तो थोडा इतिहासाचा आहे, पण कंटाळवाणा करणार नाही.

आपल्या शिक्षकांच्या मनावर एक दडपण असतं : या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर असणार, आणि ते आपल्याला नीट पाठ नाही. माझ्या शिक्षक मित्रांनो, दडपण सोडा. येशू कोण, यावर 325 साली निकया इथे आणि 451 साली खल्कदोन इथे मोठ्या धर्मपरिषदा झाल्या, शब्दन् शब्द ठरवला गेला. पण येशूच्या मरणाने प्रायश्चित्त नेमकं घडतं कसं, यावर त्या परिषदांनी असा एक ठराव केला नाही. घडलं, हे सगळ्यांनी मानलं. कसं घडलं, ते प्रत्येक काळाने आपापल्या चित्रातून सांगितलं.

पहिल्या काही शतकांचं चित्र युद्धाचं आणि सुटकेचं होतं. माणूस सैतानाच्या कैदेत आहे आणि येशूने त्याला सोडवलं. चौथ्या शतकातल्या न्यासाच्या ग्रेगरी या धर्मपंडिताने तर सैतानाला मासा केलं. येशूचं माणूसपण हे आमिष, त्याखाली लपलेला गळ म्हणजे त्याचं देवपण. सैतानाने आमिष गिळलं आणि गळ घशात अडकला! पंडितांनी या चित्राला पुढे नाकं मुरडली. मुलांना मात्र ते फार आवडतं, हे आपलं जाता जाता.

1098 च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप आन्सेल्म आला. त्याच्या भोवती सरंजामदार होते, त्यांची प्रतिष्ठा होती, मानपान होता. त्याने सांगितलं की माणसाने देवाचा मान राखला नाही, ते देणं माणसाचं आहे पण फेडण्याची ताकद फक्त देवात आहे, म्हणून देव माणूस झाला. त्याच्यानंतर थोड्याच वर्षांनी आबेलार हा फ्रेंच पंडित म्हणाला की वधस्तंभ पाहून माणसाचं मन विरघळतं, इतकं प्रेम पाहिल्यावर तो बदलतो, तीच त्याची सुटका. सोळाव्या शतकात काल्विन हा धर्मसुधारक आला. तो कायदा शिकलेला होता. साहजिकच त्याच्या चित्रात कोर्ट आलं, आरोप आला, शिक्षा आली. आपली न्यायाधीशाची गोष्ट त्याच घराण्यातली. आणि 1930 साली गुस्ताफ औलेन या स्वीडिश पंडिताने सगळ्यांना आठवण करून दिली की अहो, जुनं चित्र विजयाचं होतं. वधस्तंभावर देवाने दुष्टाईशी झुंज दिली आणि जिंकली.

औलेनचं नाव मी मुद्दाम घेतलं. खानदेशात, आपल्या या भागात, शुभवर्तमान घेऊन आलेल्यांत स्वीडनकडची माणसं होती. त्यांच्या देशातला एक पंडित म्हणत होता की विजयाचं चित्र पुन्हा काढा, आणि इथे सातपुड्याच्या पायथ्याला भुताखेतांच्या भीतीत वाढणाऱ्या मुलांना तेच चित्र सर्वांत जवळचं होतं. भ्यायचं कारण उरलं नाही, हे त्यांना कोर्टापेक्षा कितीतरी लवकर समजतं.

मराठीपुरतं बोलायचं तर आपली परंपरा आणखी मोकळी आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने 1616 साली गोव्यात ख्रिस्तपुराण छापलं. सिद्धान्ताची पोथी न लिहिता त्याने पुराण रचलं, ओवीत रचलं, आणि त्यात ऐकणाऱ्यांना प्रश्न विचारायला जागा ठेवली. तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांना मराठी घराघरांत ओळखतात. गोष्ट, गाणं आणि प्रश्न, ही आपली मराठी वाट आहे. ती सोडून आपण बाहेरून आलेल्या तक्त्यांच्या मागे का लागतो?

आता तिसरा मुद्दा. आजचं माझं मुख्य म्हणणं हेच आहे.

जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. दोन बकरे आणायचे. एकाचा बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजकाने हात ठेवायचे, लोकांची सगळी पापं बोलून त्याच्यावर ठेवायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. गाव मोकळं होतं, बकरा रानात जातो.

हे ऐकल्यावर आपल्या जिल्ह्यात काय आठवतं? मला तरी डाकीण आठवते. घरात मूल तापाने फणफणलं, गुरं दगावली, पीक गेलं, की भगताकडे जायचं. मग कोणाचं तरी नाव निघतं. कोणाचं निघतं? पाटलाचं कधी निघत नाही. नाव निघतं एकट्या बाईचं, विधवेचं, म्हातारीचं, जिच्या नावावर तुकडाभर जमीन आहे तिचं. सगळ्या गावाची भीती तिच्या डोक्यावर ठेवायची आणि तिला मारहाण करून गावाबाहेर काढायचं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याची गरज ज्या जिल्ह्यांना होती त्यांत आपला जिल्हा होता. ही लाज एकट्या आदिवासींची आहे असं कोणी समजू नये. युरोपने शेकडो वर्षं बायका जाळल्या, आणि जाळणारे ख्रिस्ती होते.

आता अशा गावातल्या मुलाला आपण सांगतो, "सगळ्यांच्या पापांसाठी एका निर्दोष माणसाला मरावं लागलं, मग सगळे शुद्ध झाले." ते मूल काय शिकलं? अहो, ते त्याला आधीच माहीत आहे! एकावर सगळं लादलं की बाकीचे सुटतात, हे त्याने गावात पाहिलंय. आपण त्यावर देवाचा शिक्का मारला.

शुभवर्तमान काय सांगतं ते पाहा. सगळ्या राष्ट्रापेक्षा एकटा मेला तर बरं, हा हिशेब बायबलमध्ये आहे. पण तो मांडतो कोण? येशूला मारण्याचा कट करणारा मुख्य याजक कयफा. हे लादणाऱ्याचं तत्त्वज्ञान आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने ते कटवाल्याच्या तोंडी ठेवलं, आणि मग त्याच शब्दांत कयफाला न कळलेला एक अर्थ आहे, असं वाचकाला दाखवलं. रने जिरार नावाच्या फ्रेंच विचारवंताने आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माणसांच्या टोळ्या आपली भांडणं एका बळीवर लोटून शांत होतात आणि नंतर तो बळी दोषीच होता अशी कथा रचतात. शुभवर्तमान ही कथा उलटी सांगतं. बळी निर्दोष होता आणि गर्दी चुकली, हे ते उघड म्हणतं. वधस्तंभाने लादण्याचा सगळा खेळ उघडा पाडला.

म्हणून मी म्हणतो, मुलांना दोन क्रिया वेगळ्या करून दाखवा. लादणं वेगळं आणि उचलणं वेगळं. दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं ठेवणं हे पाप. दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं आपणहून आपल्या डोक्यावर घेणं हे प्रेम. वधस्तंभावर दोन्ही एकाच वेळी घडतं. रोमी सुभेदार पिलात, कयफा आणि गर्दी लादतात, येशू उचलतो. लादणाऱ्याला देव म्हणालात तर मुलाच्या मनात भीती बसेल. उचलणाऱ्याला देव म्हणालात तर मूल त्याच्याकडे धावत जाईल.

उदाहरण हवं असेल तर ते शोधायला या नंदुरबार शहराबाहेर जायला नको. 9 सप्टेंबर 1942, चले जाव चळवळीचे दिवस. माणिक चौक. तिरंगा घेऊन निघालेली मुलांची मिरवणूक, समोर पोलीस. बंदुका मुलींच्या दिशेने वळल्या तेव्हा शिरीषकुमार मेहता पुढे झाला, अशी आठवण नंदुरबार आजही सांगतं. वय पंधरा. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास हेही गेले.

हे बालवीर सगळ्यांचे आहेत. त्यांना कोणत्याही धर्माच्या धड्यात कोंडण्याचा मला अधिकार नाही. मी फक्त मुलांना प्रश्न विचारायला सांगतो. गोळी झाडली कोणी? शिरीषकुमारने मरावं म्हणून भारतमाता हट्ट धरून बसली होती का? त्याचं रक्त पाहून ती खूश झाली का? मुलं एका आवाजात "नाही" म्हणतात. मग तो पुढे का झाला? "मागे मुली होत्या म्हणून." बस. प्रायश्चित्ताचा निम्मा पाठ मुलांनीच सांगितला.

उरलेला निम्मा मात्र आपण सांगायचा, कारण कोणतंही उदाहरण शेवटपर्यंत पुरत नाही. शिरीषकुमार आपल्या माणसांसाठी उभा राहिला. येशू खिळे ठोकणाऱ्यांसाठीही उभा राहिला आणि त्यांना क्षमा कर, अशी प्रार्थना त्याने केली. आणि आमची श्रद्धा अशी की तिसऱ्या दिवशी तो उठला. पुनरुत्थानाशिवाय सांगितलेला वधस्तंभ ही अर्धी गोष्ट आहे. मुलांना शुक्रवारी घरी पाठवून रविवार सांगायला विसरू नका.

या मुद्द्याला जोडूनच एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलची मुलं आहेत. सांधे ठणकतात, शाळा बुडते, पुन्हा पुन्हा दवाखाना. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही सदोष जनुक मिळाले की हा आजार होतो. त्यात कोणाचा दोष नाही, कोणाची नजर नाही, कोणाची करणी नाही. पण पापाची शिक्षा म्हणून दुःख येतं, असं संडे स्कूलमध्ये ऐकलेलं ते मूल रात्री काय विचार करत असेल? "मी काय केलं?" योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस आहे. शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो आणि त्याला बरं करतो. प्रायश्चित्त शिकवण्याआधी ही गोष्ट शिकवा. आजारी मुलावर पाप लादू नका.

मग मुलाच्या त्या पहिल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मी असं देतो. "बाळा, माफ करणं फुकट नसतं. तुझी वही कोणी फाडली आणि तू त्याला माफ केलंस, तर वही कोणाची गेली? तुझीच ना? माफ करणाऱ्याला सोसावं लागतं. आपण माणसांनी देवाचं खूप काही फाडलं, तोडलं, एकमेकांना छळलं. देवाने ते दुसऱ्या कोणाकडून वसूल केलं नाही. तो येशूच्या रूपाने आपल्यात आला, आपण त्याच्यावर सगळा राग काढला, त्याला मारलं, आणि त्याने ते सोसून आपल्याला माफच केलं. तो मेला आणि मेलेला राहिला नाही. आता तो तुला म्हणतो, ये, माझ्याबरोबर जेवायला बस." आठ-नऊ वर्षांच्या मुलाला इतकं पुरतं. त्याहून लहान मुलांना खिळे, फटके, रक्त यांचं वर्णन करू नका. हरवलेलं मेंढरू आणि उधळा पुत्र या येशूने सांगितलेल्या गोष्टी त्यांना पुरे आहेत.

आणि माफ झाल्यावर काय? इथे बायबलमधला जक्कय कामाला येतो. तो जकातदार होता, बुटका होता, झाडावर चढला होता. मुलांचा आवडता माणूस! येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. जक्कयने परतफेडीचं वचन दिलं ते त्यानंतर. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. क्रम पाहा. आधी पंगत, मग परतफेड. येशूने माफ केलं म्हणून दुसऱ्याची पेन्सिल खिशात ठेवायची मुभा मिळत नाही. मुलांना हे स्पष्ट सांगावं लागतं. मोठ्यांना तर त्याहून स्पष्ट.

आता आवरतं घेतो. तीन गोष्टी मी सांगितल्या. एक, तुटलेल्या नात्यापासून सुरुवात करा आणि पंगतीपाशी शेवट करा. भीतीची चित्रं आणि रंगांची पानं बाजूला ठेवा. दोन, एकच चित्र पवित्र आहे असं समजू नका. मंडळीने अनेक चित्रं काढली, तुम्हीही आपल्या मुलांना उमजेल ते काढा. तीन, लादणं आणि उचलणं यांतला फरक मुलांच्या हाडीमाशी मुरवा.

आणि नरकाची भीती घालून मुलांचे हात वर करून घेऊ नका. भीतीने वर झालेला हात श्रद्धेचा नसतो.

आपण शिकवलेलं बरोबर होतं की नाही, याची परीक्षा पाठांतरात नाही. उद्या गावात कोणा म्हातारीला डाकीण म्हणून गर्दी जमेल. त्या गर्दीत आपला विद्यार्थी असेल की तिच्या दारात आडवा उभा असेल? दारात उभा राहिला तर त्याला प्रायश्चित्त समजलं, मग त्याची व्याख्या त्याला सांगता न आली तरी चालेल. गर्दीत राहिला, तर सगळी वचनं तोंडपाठ असूनही आपल्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकवावं लागेल. त्याला आणि आधी स्वतःला.